मागील पानावरून पुढे

मुरारच्या लिलावातली जोंगा, तिसऱ्या हाती माझ्याकडे आलेली.
अठ्ठावन्न हजार. ओढून आणायला ट्रॅक्टर, दीड हजार वेगळे.
वहीच्या पहिल्या ओळीवर हे लिहिलं
आणि खाली सवयीनं ‘संकीर्ण’ असं सदर उघडलं.
एकतीस वर्षं वीज मंडळात लोकांची थकबाकी जुळवली,
एरियर हातात पडला तो याच वर्षी.

भाऊ म्हणाला, एवढ्यात एक बरी स्कूटी आली असती.
आली असती.
बरी.

हजिऱ्याच्या नफीस मिस्त्रीनं पेचकस तळाच्या पत्र्यावर टेकवला,
तो सरळ आरपार गेला.
भोकातून जमीन दिसली, आणि घाईत निघालेली एक मुंगी.
‘मॅडम, ये गाडी नहीं, छलनी है.’
मग त्यानं चॅसीवर हातोडी मारली.
देवळातल्या घंटेसारखा नाद आला, कितीतरी वेळ राहिला.
तो काही बोलला नाही. पोराला चहा आणायला पाठवलं.
तेव्हा समजले, होणार.

पेट्रोलची टाकी आतून तांबेऱ्यानं भरलेली.
नव्या टाकीचा भाव ऐकून मी घरी आले,
दोन किलो चिंच कोळली,
तांब्याच्या घंगाळाला लावते तशीच, फक्त पातळ.
टाकीत चिंचेचं पाणी, मूठभर खडी, सायकलची तुटकी चेन,
आणि दोन टोकांना आम्ही दोघं,
पाळण्यातलं मूल हलवावं तशी ती हलवत बसलो
मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याच्या शेडखाली.
ओतलं तेव्हा विटांच्या रंगाचं काहीतरी
नालीतून कितीतरी वेळ वाहत होतं.
चिंच, एकशे ऐंशी रुपये.

कमानीचे पाटे इटाव्याच्या भंगारातले.
ब्रेकचे ड्रम खरवडून तेच.
पाण्याच्या पंपाचं गास्केट पुतणीच्या लग्नपत्रिकेचं,
कागद चांगला जाड होता.
गणपतीचा कोपरा मी आधी कापून घेतला.
बाकीचं शुभमंगल आता इंजिनाला चिकटलंय.

रंग खरवडायचं काम माझ्याकडे होतं.
वर हिरवा, कुणीतरी ब्रशनं फासलेला.
त्याखाली लष्करी, मातकट.
त्याखाली पांढरा निघाला तेव्हा वाटलं, प्रायमर असेल.
मग पांढऱ्यात लाल.
आधी एक आडवी पट्टी,
मग तिला छेदणारी उभी.
मी पॉलिश पेपर खाली ठेवला.

मागच्या बाजूला त्या चार कड्या होत्या, खालच्या-वरच्या,
त्यांना आम्ही इतके दिवस
सामान बांधायच्या कड्या म्हणत होतो.
नफीसनं त्यातली एक बोटानं फिरवून पाहिली.
आतली बाजू घासून गुळगुळीत झाली होती.

त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

पुढे रंग दिला तेव्हा तेवढी जागा सोडली.
‘कोणी विचारलं तर सांगू, डबा कमी पडला,’ तो म्हणाला.
डबा खरंच कमी पडला होता.

पासिंगचे कागद अजून आरटीओत अडकलेत,
म्हणून पहाटे, मिस्त्रीच्याच शेडमागच्या नाल्यात उतरवली.
मागची चाकं रेतीत नुसतीच फिरत राहिली, खड्डा खोल करत.
मोठ्या दांड्याशेजारी तो दुसरा, आखूड दांडा,
ज्याला महिनाभर ग्रीस पाजलं तरी जो हलला नव्हता.
दोन्ही हातांनी ओढला. नाही.
सीटवरून उठून ओढला.
खाली कुठेतरी दात दातात बसला,
आणि आजवर जी नुसती वळायची
ती पुढची चाकं ओढायला लागली.
वर आलो तेव्हा नफीस ओरडत होता, काय ते कळलं नाही,
सायलेन्सर अजून घ्यायचाय.

सकाळी खाली पाहिलं, पंपाखाली पाण्याचा ठिपका.
मग आणखी एक.
कपाटातल्या पत्रिका काढून बसलेय.
मुंजीच्या फार पातळ.